भरलेले गाल

दिवाळी झाली की आमची तलवाड्याजवळची वस्ती रिकामी होते. सगळे ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. त्या वर्षी मी सहा वर्षांच्या लेकीला घेऊन शहरातल्या दवाखान्यात होते. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं होतं. आजारी पेशींच्या अंगावर ठरावीक प्रथिनं असतात, त्यावरून त्या ओळखू येतात. धनगर मेंढरांच्या पाठीवर रंग लावतो तसंच हे, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. महिनाभर औषध दिल्यावर त्या खुणेच्या पेशी उरल्यात का, ते कमरेच्या हाडातून रक्त काढून बघायचं होतं. उरल्या तर औषध जहाल आणि आशा कमी.

गोळ्यांनी लेकीची भूक खवळली, गाल फुगले. टोळी निघायच्या आदल्या दिवशी नवरा न्यायला आला.

"कसली गुबगुबीत झालीय! बरी झाली की. आता कशाला बसायचं इथं?"

"गोळ्यांची सूज हाय ती. तपासणी व्हायचीय अजून."

"तुला ऊस तोडायचा न्हाई, ते सांग की."

फार लागलं मला ते. आठ वर्षं मोळ्या डोक्यावर वाहिल्या त्या काय शेजारणीनं? पण खोटं कशाला बोलू, त्या गालांना आधी मीच भुलले होते. मीठ-मोहऱ्यांनी दृष्टसुद्धा काढली होती.

तो अर्धा कोयता होऊन गेला. शेजारच्या खाटांवर कुणाची आजी, कुणाची मावशी डबे घेऊन यायची. आमचं सगळं गणगोत उसाच्या फडात. दिवसदिवस माझ्याशी कुणी बोलायचं नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडून घ्यायचे.

मग रिपोर्ट आला. खुणेची एकही पेशी सापडली नाही. "पण गोळ्या दोन वर्षं चालू ठेवायच्या," बाई म्हणाल्या. "मध्येच सोडल्या तर आजार उलटतो."

फडात फोन लागायला अर्धा दिवस गेला. मी नवऱ्याला रिपोर्ट सांगितला. आधी नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. मग म्हणाला, "बघ, मी म्हनलं हुतं का न्हाई? उगंच थांबलीस तू."

कडकडून भांडावंसं वाटलं. पण भांडायला तरी माणूस समोर लागतं. मी नुसतं "हो" म्हणाले. दोन वर्षांच्या गोळ्यांचं सांगणार, तोवर तिकडून मुकादमाची हाक आली आणि त्यानं फोन ठेवला.