लेओबार्दोची प्रार्थना

मेलेल्यांच्या दिवशी आमच्याकडे जिवंत माणसांवर गाणी रचतात. मरणबाईनं अमक्याला कसं उचललं, ते भर चौकात वाचायचं. ज्याच्यावर रचलं त्यानं हसून ऐकायचं. चिडला, तर वर्षभर गाव त्याला सोडत नाही.

बाजारात मी मक्याची पेज विकते, माझ्या शेजारी फिदेन्सिया तमाल, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेले मुटके, विकते. तमाल वाफेवर असले की ही वहीत लिहीत बसते. शाळेत आपली जुनी नावात्ल भाषा बोलली म्हणून मार खाल्लेल्या तिच्या आजीच्या गोष्टी. पहिली गोष्ट तिनं मोठ्या आशेनं आमच्या पेपरचा संपादक लेओबार्दो याला दिली. मेल्यानं स्वतःच्या नावावर छापली! जाब विचारला तर म्हणतो कसा, "तमालवालीचं नाव घातलं, तर लोक पेपरात तमालच बांधतील."

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. पण फिदे त्याला गोष्टी देतच राहिली, आणखी अकरा! त्यानं त्यांचं पुस्तक काढलं, सत्कार करून घेतले.

"अगं, लाज विकून खाल्लीस का?" मी विचारायची.

"पेत्रा, तू तुझी पेज ढवळ."

यंदा त्या दिवशी तिनं डोंगरावरून झेंडू विकायला आलेल्या, अजून नावात्लच बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना फुकट तमाल देऊन चौकात पुढेच बसवलं. मग उभी राहून खणखणीत वाचलं:

मरणबाई आली दारी, "लेओबार्दो, भरली वेळ,
तुझी एक ओळ दाखव, तर थांबवते मी खेळ!"
कपाट उपसलं, खिसे उपसले, घामाघूम तो झाला,
निघालं सारं तमालवालीचं, तसाच खड्ड्यात गेला!

चौक खदखदला. लेओबार्दोही दात काढून हसला. काय करणार!

"एक ओळ होऊन जाऊ द्या, साहेब!" लोक ओरडले.

तो उठला. छातीवर हात ठेवून, डोळे मिटून त्यानं पुस्तकातली आजीची नावात्ल प्रार्थना म्हटली. शहरात म्हणे ती ऐकून लोक डोळे पुसतात.

म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीला हसताना तमालचा ठसका लागला.

"काय झालं, मावशी?" मी विचारलं.

"कसली गं प्रार्थना! हा म्हणतोय, 'हे फिदेन्सियानं लिहिलंय, मी चोर आहे.' आणि तेही डोळे मिटून!"

अहाहा! जिवाला काय थंडावा वाटला म्हणून सांगू! दया? छे! सगळा चौक पोट धरून हसत होता आणि तो घाम पुसत उभा होता.

"पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो ती ओळ," तो दात-ओठ खात फिदेला म्हणाला.

"काढा की," फिदे म्हणाली. "पहिली सोडून प्रत्येक गोष्टीत एकेक आहे. कुठे आहे ते विचारायला तमालवालीकडेच यावं लागेल."