एक लाख तीन

शेवटच्या संध्याकाळी आम्ही लसूण सोलत बसलो होतो. म्हणजे मी सोलत होतो. बायको जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार करत होती, एक लाख तीनला तीनशे अकरानं. बाकी उरली एकशे बाहत्तर. तिनं पेन्सिल अंबाड्यात खोवली.

"न्हाई गेला. आता तीनशे तेरा तेवढा राहिला. उद्या बघू."

"आत्ताच बघ की."

"कटाळा आला. पळून जातोय व्हय आकडा?"

माधवनगरला सूतगिरणीत ती कोन भरायच्या खात्यात होती, मी तिथंच हमाल. पोत्यात सुताच्या कोनांचे थर सारखे लागायला हवेत. एक जरी उरला तरी पोतं फुगायचं, मुकादम बोलायचा. तेव्हापासून आकडा दिसला की "वाटून बघा की" हे तिच्या तोंडात बसलं. गिरणी बंद पडली, हे सुटलं नाही. सांगलीच्या दवाखान्यात टोकन हातात आलं की आधी ते वाटायची, मग दुखणं सांगायची. तुम्ही शेजारी बसला असता तर तुमच्या गाडीचा नंबरही सुटला नसता.

मग तिच्या डोक्यात आलं, लाखाच्या पुढं पहिला आकडा कुठला, जो कुणालाच सारखा वाटता येत नाही? एक लाख एकला अकरानं भाग गेला. एक लाख दोन तर समच. एक लाख तीन अडून बसला. रोज एक भागाकार, दोन महिने चाललं होतं.

"लाखापर्यंत भागत बसणार काय?" मी विचारलं.

"आवं, दोननं गेला न्हाई तर चारनं कसा जाईल? आन् तीनशे सोळाच्या पुढं जायचंच न्हाई. भाग जाणारं जोडीनं येत्यात. दोघंबी त्याच्या वरचं असलं तर गुणाकार लाख तीनच्या पार जातो."

चौथी शिकलेली बाई. मला हे कळायला दोन दिवस लागले.

एकदा मी म्हणालो, सत्त्याण्णवनं गेला, बाकी शून्य. तिनं कागद बघितला. "तुमी एक लाख सात मांडलंय. दुसऱ्याच्या घरात शिरलाय."

सकाळी ती उठली नाही. डॉक्टर बघून गेला. आत बायका तिला अंघोळ घालत होत्या, मी कॅलेंडर घेऊन बाहेर कट्ट्यावर बसलो. शेवटच्याच आकड्यानं भाग गेला तर तिचं एवढं सगळं हुकलं असतं. काय ते तिला उचलायच्या आत सांगायचं होतं.

मेहुणा आला. "दाजी, काय लिवताय? जतच्या पावण्यांना कळवलं का?"

"तू कळव."

मला भागाकार धड येत नाही. दोनदा चुकला. तिरडी बांधून झाली. तिसऱ्यांदा जमला, मग पुन्हा एकदा ताडून बघितला.

तिला बाहेर आणून ठेवलं. मी गुडघे टेकून तिच्या कानाशी वाकलो.

"बाकी एकशे छप्पन," मी म्हणालो. "न्हाई गेला."