सुमनची उघडी राहिलेली हाक

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी मशीनवर बसले होते. तिच्याच पिवळ्या ब्लाउजची बाही लावत होते... तिची बहीण एवढंच म्हणाली, "आक्का, ताई सकाळी उठलीच नाही." आणि मी म्हटलं, "असं कसं, माझी एकच बाही लावून झालीय." अशा वेळी माणूस काय बोलतो त्याला काही अर्थ असतो का! आता सव्वा महिना झाला. ब्लाउज तसाच आहे. पण मला सांगायचंय ते ब्लाउजचं नाही, चहाचं आहे.

सुमन वाघमारे मूळची लातूरकडची. काळेवाडीत आमच्याच गल्लीत राहायची आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इन्स्पेक्शनला होती. येणारा प्रत्येक नग हातात घ्यायचा, मापात नसला तर बाजूला काढायचा, ह्यात तिची उभी नोकरी गेली. ही सवय घरीही सुटली नाही. मी शिवलेला ब्लाउज ती अंगाला लावायच्या आधी टेपला लावायची. "आक्का, डावा खांदा दोन सूत जास्त झालाय." मी म्हणायचे, "अगं, तुझा खांदाच वाकडा आहे, त्याला मी काय करू?"

धरणातून पाणी सोडलं की आमच्या नदीकाठच्या वस्तीत शिरतं, हे इथं कुणाला नवीन नाही. मदतीलाही माणसं धावतात. पण एका वर्षी असं झालं, की एका ओळीत पाच वेळा पोहे पोचले आणि मागच्या ओळीत पाण्याची बाटलीसुद्धा नाही. मोबाइलवर तोच निरोप फिरून फिरून येत होता. सुमन वैतागली. "एकाच नगाला पाच जण तपासायलेत अन् बाकीचे तसेच पुढं चाललेत!" मग नेटवर तिला एक सॉफ्टवेअर सापडलं. लांबच्या कुठल्याशा शहरातल्या लोकांनी आपल्या पुरासाठी केलेलं, आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं. कुणीही घ्यावं, आत कसं चालतं ते बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. मला खरंच वाटेना. म्हटलं, "फुकट कोण देतं गं?" तर म्हणाली, "तू मला बाही लावायला शिकवलीस, त्याचं काय घेतलंस?"

रिटायर झाल्यावर ती व्हिडिओ बघून बघून ते काम शिकली. सगळं मराठीत आणलं. मदत मागितली की ती झाली 'हाक'. जाणारा 'मी जातो' दाबणार, काम झालं की 'झालं' दाबायचं. मी चौथी शिकलेली बाई, पुढचं वाचन दुकानांच्या पाट्यांवर आणि रद्दीच्या पेपरांवर झालेलं. मला म्हणे, "तू शाळेच्या हॉलमध्ये बसून फोन घे. बोलायला तुझ्याइतकं कुणाला येतंय?" टोमणा होता तो, पण मी बसले.

पहिल्याच पावसाळ्यात एके सकाळी एका आजींची हाक आली. एकट्या, गुडघे गेलेले, दारात पाणी. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा आमचा मोहन गेला. थोड्या वेळानं त्याचा फोन, "आक्का, आजींना शाळेत पोचवलं, बंद करा." मी 'झालं' दाबलं. दुपारी बघते तर सुमन बंद झालेल्या हाकांवर एकेक फोन लावतेय. म्हटलं, "झालेल्याला काय विचारतेस?" तर म्हणे, "करणाऱ्यानं झालं म्हणून चालत नसतंय, आक्का. ज्याला तो नग पुढं बसवायचाय, त्यानं बसला म्हणायला पायजे." आणि तेवढ्यात एक फोन खुद्द त्या आजींनी उचलला. "कुणी आलं नाही गं बाई... खाटेवर खुर्ची ठेवून बसलेय." मोहननं मागच्या ओळीतल्या दुसऱ्याच आजींना आणलं होतं!

आजी सुखरूप आल्या. पण मी भिंतीकडं तोंड करून रडत बसले. सुमन लॅपटॉप उघडून बसली. संध्याकाळपर्यंत 'झालं' हे बटणच तिनं काढून टाकलं. आता ज्या फोनवरून हाक आली, त्याच फोनवरून 'पोचलं' असं उत्तर आलं तरच ती बंद होणार. आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदललं की कारण लिहावं लागतं. ते कायम राहतं, साऱ्या जगाला वाचता येतं. आता माझं नाव तिथं लागणार! हळूच तिच्या मागे जाऊन एकेक अक्षर लावून वाचलं... 'कारण : चूक माणसाची नाही. बटण चुकीच्या हातात होतं.'

पुढं त्या लांबच्या लोकांनीही तो बदल आपल्याकडं घेतला म्हणे. माझी चूक कुठल्या कुठं जाऊन पोचली बघा!

बटण काढल्यावर तिनं नवीन पद्धत चालते का बघायला आपल्याच फोनवरून हाक घातली. 'सुमन वाघमारे. शाळेचा हॉल, खिडकीजवळ. चहा पाहिजे, साखर नको.' मी डोळे पुसले आणि पातेल्यात उरलेला चहा नेऊन दिला. ती प्यायली. म्हटलं, "कर आता बंद." तर कप वाकडा करून दाखवते. "अर्धाच दिलास. पोचला म्हणणार न्हाई." मग कित्येक वर्षं हेच. माझ्याकडं भरला कप प्यायची, मी म्हणायचे आता तरी म्हण. "हा आजचा झाला, आक्का. तो त्या दिवशीचा राहिलाय."

परवा पावसाळ्याच्या तयारीला आम्ही हॉलमध्ये जमलो. मोहननं यादी उघडली, तर सगळ्यात जुनी म्हणून सगळ्यात वर तीच चहाची हाक. तोच म्हणाला, "आक्का, ऐन गडबडीत नवीन माणूस फसेल. ताईंचा फोन त्यांच्या बहिणीकडं आहे. 'पोचलं' पाठवायला सांगू?" त्याचं चूक नव्हतं. मी हो म्हणणार होते... पण मग त्या खाटेवरच्या आजी आठवल्या. म्हटलं, "नाही रे बाबा. दुसऱ्यानं पोचलं म्हणायचं नाही, एवढ्यासाठीच तर तिनं सगळं केलं. ती यादीच्या तळाला ने. बंद नको करू."

मोहननं तसं केलं. मग लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. "कारण तुम्ही लिहा."

एक बोट वापरून मी लिहिलं. 'कारण : चहा अर्धाच दिला होता.'