आक्कांनी पाणी दिलेली पटाशी

पोलादाला घरच्या माणसासारखं वागवणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे माझी थोरली मेहुणी. शहापुरातली सगळी विणकरगल्ली त्यांना आक्का म्हणे, म्हणून मीही म्हणे. त्यांचे यजमान, म्हणजे माझे साडू, कातारी होते. पायानं फिरवायच्या चरकावर लाकूड कातून विणकरांना सूत गुंडाळायच्या कांड्या करून देत. साडूंचे हात सोन्याचे खरे, पण त्या हातांतलं प्रत्येक हत्यार आक्कांनी घडवलेलं. माझे सासरे निपाणीला टांगे दुरुस्त करत. त्यांच्या भात्याजवळ बसून थोरल्या लेकीनं लोखंडाची सगळी विद्या उचलली. धाकटीनं, म्हणजे आमच्या हिनं, काहीच उचललं नाही. आमच्या विळीला धार लावायची तरी शहापूरला जाणाऱ्या माणसाची वाट पाहावी लागे.

बाजारात बायका वांगी दाबून बघतात, आक्का झिजलेल्या कानशी आणि टांग्यांच्या मोडक्या कमानी वाजवून बघत. तुकडा कानाशी धरून टिचकी मारायची, डोळे मिटायचे आणि विकणाऱ्याला सांगायचं, "ह्यात जीव न्हाय रं. ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ." पसंत पडलेला तुकडा घरी आणून त्या दगडी चाकावर धरत. ठिणग्या फुलासारख्या फुटल्या तर पोलाद, नुसत्या लांब रेघा निघाल्या तर मऊ लोखंड. त्याची मग भिंतीत खुंटी होई. फोडणीचं तेल अचानक संपलं की समजावं, लाकूड कातायच्या एखाद्या तापल्या पटाशीनं त्यात बुडी मारली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी त्यांच्याकडे गेलो, तर पहाटे अंघोळीचं पाणी गार. मी न्हाणीतल्या चुलीत लाकडं सारायला गेलो, तशा आक्का धावत आल्या. "पाव्हणं, राख हलवू नगासा! आत कानस निजलीया. मऊ पडंस्तवर उठवायची न्हाय तिला." पाहुणा कुडकुडला तरी चालेल, कानशीची झोप मोडता कामा नये, असा त्या घरचा कायदा होता.

मग लढाईचे दिवस आले. बाहेरगावच्या कांड्या यायच्या थांबल्या आणि गल्लीतले माग एकेक करून गप्प होऊ लागले. सूतवाले शेटजी जुन्या बाभळीचे ओंडके गाडीत घालून साडूंच्या दारात आले. दुसरं लाकूड मिळतच नव्हतं. ही बाभूळ इतकी कठीण की दोन कांड्या होईतो साडूंची पटाशी बोथट होई. आक्कांनी एका जाड कानशीची नवी पटाशी घडवली, लालबुंद करून तेलात बुडवली. पण त्यानंतर ठिसूळपणा जायला मंद शेक द्यायचा असतो, तो घाईत कमी पडला. चरकावर टेकताच ती काचेसारखी फुटली. तुकडा साडूंच्या कानाजवळून सणकन जाऊन खांबात रुतला. मी सुटी काढून आलो होतो, तिथंच बसलो होतो. साडूंनी कान चाचपला, तो जागेवर असल्याची खात्री केली आणि म्हणाले, "चालतंय की. दुसरी कर."

कांड्या बघायला आलेल्या शेटजींना मात्र ते चालेना. "बाईमाणसाचं हत्यार म्हटल्यावर आणि काय व्हणार?" ते म्हणाले. "परवा मी माझी विलायती पटाशी आणतो."

आक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. "पाव्हणं, घाई मी केली," एवढंच मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेला टांग्याच्या कमानीचा पाटा बाहेर काढला आणि भात्यावर मला बसवलं. तंबाखूच्या वखारीत लेखणी चालवणारा मी. घटकेत माझे दंड भरून आले. "मारा की जोरात, भाता हाय ह्यो, पंखा न्हवं!" पाटा तापला, ठोकला, त्याच्या तोंडाला पन्हळीचा आकार आला. तेलातून काढल्यावर आक्कांनी त्यावर कानस ओढली, ती सर्रकन घसरली; कडकपणा आला होता. मग तव्यातल्या तापल्या वाळूत शेक. त्या वेळी घरात खोकायचीही चोरी होती.

ठरल्या दिवशी शेटजी आले. गल्लीतले रिकामे बसलेले विणकरही आले. साडूंनी आधी विलायती पटाशी लावली. चौथ्या कांडीला ती किंचाळली, पाचव्या कांडीला लाकडातून धूर निघाला. मग त्यांनी आक्कांची पटाशी उचलली. बाभळीची साल निघावी तशी लांब, सलग वेटोळी गळू लागली. कांड्यांचा ढीग वाढला, दुपार झाली, साडू वेटोळ्यांत गुडघ्यापर्यंत बुडाले, तरी धार जशीच्या तशी. शेवटी त्यांनी तीच पटाशी मनगटावरून फिरवली आणि केस साफ उतरवून दाखवले. दिवसाकाठी दहा शब्द बोलणारा हा माणूस उंबऱ्यावर उभा राहून ओरडला, "आमच्या हिनं केलीया!"

"आक्का," शेटजी पागोटं सावरत म्हणाले, "मला बी तसली एक..."

"देईन की. भाता मारायला या."

त्या संध्याकाळी गल्लीतले माग पुन्हा खडखडू लागले आणि आक्का दोन दिवसांचं एकदम जेवल्या.

स्वराज्य आलं त्या सुमारास आक्कांना मोतीबिंदू झाला. शेक देताना पोलादावर रंग चढत जातात, नेमका रंग आला त्या क्षणी ते पाण्यात टाकायचं असतं. तो क्षण त्यांना दिसेनासा झाला. एकदा मी न कळवता गेलो, तर दोघं चुलीपुढं बसलेली. चिमटा आक्कांच्या हातात, नजर साडूंची.

"आता लोण्यागत," साडू सांगत होते. "थांब... थांब... आता वाळल्या कडब्यागत."

"कडब्यागतच न्हवं?"

"व्हय."

आक्कांनी पटाशी पाण्यात टाकली. चुर्रर्र आवाज झाला, वाफ दोघांच्या तोंडावर आली. ती विरेपर्यंत मी दारातच थांबलो.