उचला मले आधी

माही वयनी वच्छला मोठी हेकट बाई. मी तिची सख्खी नणंद, गडचांदूरले दिलेली, म्हणून तिच्याशी भांडाचा हक्क माहा. दुसऱ्या कोणी तिले हेकट म्हंतलं तं त्याची खैर नाई.

माहेर आमचं चामोर्शीकडचं, वैनगंगेच्या कडेचं, धानाचं गाव. धानाची रोपं लावाच्या, रोवण्याच्या दिवसात मुकादम बायकायची टोळी घेऊन आला, का वयनी पदर खोचून आधी स्वतः चिखलाच्या बांधीत उतरे. टोळीसंग वाकून रोवणा करे, बायकायचे हात पाहे, अन् मंगच टोळी ठेवाची का वापस धाडाची ते सांगे. मुकादम कुरकुरे, "काऊन बाई, माह्यावर भरोसा नाई का?" "नाई," ही सरळ म्हणे. गावात कोणी असं करत नोयतं. पण आमच्या बांध्यायसारखा रोवणा बी कोणाचा नोयता.

मागच्या दिवाळीनंतर गुणवंतभाऊले, म्हणजे माह्या भावाले, लकवा मारला. उजवं आंग गेलं, वाचा गेली. वयनीनं सगळं एकटीनं केलं. पण भाऊ धिप्पाड माणूस, अन् तिच्या कमरेत आता दम नाई. एक दिवस मोरीत दोघंबी पडले. हे पोराले समजलं, प्रणितले, तो पुण्याले नोकरीवर आहे. त्यानं फोनवर फर्मान काढलं, "आई, एजन्सीतून माणूस ठेव. या महिन्यात नाई जमलं तं मी गाडी घेऊन येतो, बाबाले नागपूरच्या सेंटरमधी टाकतो."

टाकतो म्हणे! जसं काई माहा भाऊ म्हणजे धानाचं पोतं.

वयनीचं डोकं फिरलं. "तुहा बाप या घरातून हलणार नाई," ती म्हणे. "माणूस ठेवीन. पण मी ठेवीन, माह्या पद्धतीनं." मले लगेच बोलावणं आलं, अन् मी पिशवी भरून माहेरी गेली.

पयली एजन्सी प्रणितनंच धाडली. "आई, पाच स्टार आहे त्याईले," तो म्हणे. वयनी म्हणे, "तारे आभाळात पाहाचे असते." मॅनेजर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला, संग निळ्या कपड्यातली एक पोट्टी. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यानं मोबाईलवर व्हिडिओ लावला. वयनीनं तो पाह्यलाच नाई. ओसरीत भाऊच्या खाटेबाजूले दुसरी खाट टाकली, तिच्यावर आडवी झाली अन् उजवा हात ढिल्ला सोडून दिला.

"उचला मले आधी," ती म्हणे. "पेशंट मी आहो."

मॅनेजर हसला. त्याले वाटलं म्हातारी गंमत करून राह्यली. पण ही काई उठेना. शेवटी त्यानं पोट्टीले इशारा केला. त्या भैताड पोट्टीनं हिचा तोच ढिल्ला हात धरून असा खेचला का वयनी केकाटली, "अवो माय, खांदा उपटते का माहा?" एजन्सी चहा न घेताच गेली.

दुसरी चंद्रपूरची. त्या बाईच्या हातात वयनीनं आंबीलीची वाटी देल्ली, म्हणे भरव. बाईनं एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात चमचा धरला अन् सुरू झाली. पयला घोट गिळाच्या आधी दुसरा तोंडात. वयनीले असा ठसका लागला का मीच धावत पाणी आणलं. लुगडं भरलं, पण बाईची नजर मोबाईलवरच. ती बी गेली. मंग प्रणितचा फोन, "आई, तू नाटकं करून राह्यली." वयनी म्हणे, "हो, करतो. येऊन पाय."

महिना सरत आला, तशी मले भेव लागलं. वयनी वरून कडक दिसे, पण चुलीजवळ बसून एकटीच डोळे पुसे.

मंग गडचिरोलीहून नाजियाबाई आली. तिची एजन्सी लहान, दोन खोल्यायची. संग दीपिका नावाची पोट्टी, एटापल्लीकडची, काडीसारखी बारीक. ही माह्या भावाले काय उचलते, असं मले वाटलं. वयनी नेमानं खाटेवर आडवी झाली. प्रणित फोनवर व्हिडिओतून पाहून राह्यला होता.

दीपिकानं वयनीकडं पाह्यलं, अन् सरळ भाऊच्या खाटेजवळ जाऊन खाली बसली.

"अवो, इकडं ये!" वयनी ओरडली. "पेशंट मी आहो."

"तुमी उठू शकता, बाई. मले याईले इचारू द्या." मंग ती भाऊच्या डोळ्यात पाहून म्हणे, "भाऊ, उठवू का तुमाले?"

भाऊनं डावा हात जरासा उचलला, आडवा हालवला अन् तोंड भिंतीकडं फिरवलं.

नाजियाबाई ओशाळली. फोनमधून प्रणित म्हणे, "त्याईले समजत नाई काई. उचल तू."

"समजते. नाई म्हंतलं त्याईनं," दीपिका म्हणे, अन् तशीच बसून राह्यली.

तीन महिने वयनीनं, अन् आल्यापासून मी बी, त्याले उठवलं, बसवलं, धुतलं, भरवलं. त्यानं दात आवळले का आमी म्हणो, बिमारीची अकड आहे. अवो, तो नाई म्हणून राह्यला होता! रोज म्हणून राह्यला होता!

वयनी खाटेवरून उठली. भाऊजवळ गेली. ओक्साबोक्शी रडत त्याले म्हणे, "अवो, मी तुमाले काईच इचारलं नाई. हिले ठेवू का? तुमी सांगा."

भाऊनं तोंड इकडं वळवलं. दीपिकाकडं पाह्यलं. मंग डाव्या हाताचं बोट हळूहळू उचललं अन् फोनकडं दाखवलं. "आई, त्याईचं काय इचारते, मी सांगतो न—" प्रणित बोलतच होता. वयनीनं फोन बंद केला. तवा भाऊनं दीपिकासमोर हात धरला, अन् तिनं पाठीखाली हात घालून, त्याच्या दमानं, त्याले उठवून बसवलं.

नागपूरची गाडी काई आली नाई. आता त्या घरात भाऊले इचारल्याशिवाय कोणी त्याले हात लावत नाई, वयनी बी नाई. अर्ध्या वेळा तो नाईच म्हणते. दाढी राहते, आंबील थंडी होते. प्रणित फोनवर चिडते, "मंग माणूस कायले ठेवलं?"

याच्याचसाठी ठेवलं, बाप्पा. आंग त्याचं आहे. म्हणू दे नाई.