सात कप चहा आणि देवाची इच्छा

देवाची इच्छा काय आहे हे जाणून घेण्यासाठी मी एका रविवारी सात कप चहा प्यायलो.

त्या वेळी माझे वय सदतीस होते. आठवडाभर संरक्षण खात्याच्या कारखान्यात कारकुनी करावी, रविवारी चर्चमधल्या मराठी उपासनेला शेवटच्या बाकावर बसावे आणि दोन बाक पुढे दिसणाऱ्या शालिनीच्या अंबाड्यापायी गीताचा क्रमांक चुकवावा, असा माझा चार वर्षांचा नेम होता. शालिनी आमच्याच शहरातल्या नेपियर टाउनमधल्या एका कोचिंगमध्ये गणित शिकवी. तिला नागपूरहून स्थळ आले असून सोमवारी उत्तर द्यायचे आहे, असे कानावर आले आणि माझी अन्नावरची वासनाच उडाली. एखादा सरळ माणूस तिच्याशी जाऊन बोलला असता. मी देवाशी बोललो. (त्याच्याशी बोलताना डोळे मिटलेले चालतात, ही मोठी सोय आहे.)

मी चिन्ह मागितले. रविवारी उपासनेनंतर शालिनीने आपण होऊन मला चहा आणून दिला, तर ती देवाची इच्छा समजून मी तिला विचारीन. न दिल्यास गप्प राहीन. गप्प राहण्याचा मला दांडगा अनुभव होता!

चूक एवढीच झाली, की हे मी आईला सांगितले. आमच्या मंडळीत गुपित फुटत नाही. त्याचा प्रार्थनेचा विषय होतो. शुक्रवारी महिलांच्या प्रार्थनासभेत आईने तो मांडलाही.

"नाव नाही घेतलं रे मी कोणाचं!" आई म्हणाली.

"मग काय सांगितलंस?"

"एवढंच, की आमच्या विजूला गणिताच्या टीचरनं चहा द्यावा."

आमच्या मंडळीत गणिताची टीचर एकच होती!

"ती होती का तिथे?" मी कासावीस होऊन विचारले.

"छे! फक्त तिची मावशी होती."

रविवारी उपासना संपली. मी चहाच्या टेबलापासून योग्य अंतरावर, रिकाम्या हाताने उभा राहिलो. पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीने, सवयीने पहिला कप माझ्या हाती दिला. आई धावत आली.

"पिऊन टाक लवकर! हात भरलेला दिसला तर ती कशाला आणेल?"

मी जीभ भाजून घेत हात रिकामा केला. तेवढ्यात विमलकाकू आल्या. त्यांच्या मनात माझ्यासाठी त्यांची इटारसीची भाची होती. "घे रे, देव कोणाच्याही हातून देते!" म्हणून त्यांनी दुसरा कप दिला. मग पुरुषमंडळी सरसावली. ती शुक्रवारी सभेला नसल्यामुळे त्यांना काहीच ठाऊक नव्हते. त्यांना फक्त माझा रिकामा हात दिसे.

"अरे, विजूला चहा नाही मिळाला! भैया, एक कप इकडे!"

नाही म्हणण्याची विद्या मला अवगत नाही. ते देत गेले, मी पीत गेलो, आणि आई दुरून "संपव, संपव" अशा खुणा करत राहिली.

सातवा कप संपला तेव्हा शालिनी समोर आली. दोन्ही हात रिकामे!

"काहून इतका चहा पिऊन राहिले तुम्ही?"

मी रिकाम्या कपात पाहू लागलो.

"मावशीनं सांगितलं मला सगळं," ती म्हणाली. "पण चिन्ह मीपण मागितलं आहे. तुम्ही स्वतः विचाराल, तर हो. नाही तर उद्या नागपूरला होकार कळवते."

म्हणजे ती चहा देणार नव्हती आणि मी विचारणार नव्हतो! असे आणखी वर्षभर उभे राहण्याची माझी तयारी होती. पण सात कपांची नव्हती. त्यांनी अकस्मात बाहेरची वाट मागितली. पाय आवळून मी विचार केला : आता गेलो, तर ही जाईल, थांबलो, तर अब्रू जाईल.

"शालिनीजी, लग्न कराल का माझ्याशी? लवकर सांगा!"

हे मी ओरडून बोललो असावे, कारण सगळे सभागृह आमच्याकडे वळले.

"अच्छा! चार वर्षांनी आता घाई?" ती हसली. "हो."

मी धूम पळालो. मागून "आमेन!" ऐकू आले. मी सर्वार्थाने हलका होऊन परतलो, तोवर पाळकसाहेबांची उपकारस्तुतीची प्रार्थना आटोपलीही होती.

या गोष्टीला अकरा वर्षे झाली. नेमक्या घटकेला प्रभू लाजाळू माणसाची जीभ कशी मोकळी करतो, याचे उदाहरण म्हणून पाळकसाहेब तरुणांच्या सभेत आजही माझ्याकडे बोट दाखवतात. मी नम्रपणे मान खाली घालतो. त्या धैर्याचे खरे कारण देवाला ठाऊक आहे, आणि शालिनीलाही. आईला मात्र मी अजून सांगितलेले नाही.