टाके अजून कच्चे आहेत

ही गोष्ट मी ह्यांना सांगितली नाही, आणि हे गेले. मुलाला सांगण्यासारखी ती नाहीच. आणि जिला सांगायला हवी होती तिच्यासमोर बसून मी भाज्या निवडल्या, चहा प्यायले, तिच्या मुलींच्या लग्नांत मिरवून घेतलं — आणि तोंड उघडलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी जमेल, असं वाटतं.

कुठून सुरू करू? बाळंतपणापासूनच करते.

आम्ही तेव्हा हैदराबादेत, नारायणगुड्यात राहायचो. हे महसूल खात्यात कारकून. हैदराबाद राज्य मोडणार, मराठवाडा मुंबईकडे जाणार, अशी बोलणी चालली होती. कचेरीतून आले की ह्यांच्या तोंडी एकच विषय — कुणाचं नाव कुठं जाणार. घरात आम्ही तिघंच : हे, मी आणि ह्यांची धाकटी बहीण सुशी. सासू-सासरे नव्हते. माझी आईही मी लहान असतानाच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथंच दवाखान्यात झालं.

बाळ अडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कापून वाट मोठी केली, मुलगा झाला, मग शिवलं. आमच्याकडे त्याला 'टाके' एवढंच म्हणायचे. टाके कुठं? तर 'खाली'. त्या जागेला बोलण्यात नावच नव्हतं. नाव नसलेल्या जागेचं दुखणं बाईनं कुणाला आणि कसं सांगायचं?

दुखणं खरं होतं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं खरं नाही. मला बसता यायचं नाही. एका बाजूवर कलून बाळाला पाजायची. लघवीला गेले की अशी आग व्हायची — सुशी तांब्यानं कोमट पाणी ओतत राहायची, तेव्हा कुठं सोसायचं. टाके उसवतील या धास्तीनं मी पोटभर जेवतसुद्धा नव्हते. सुशी तुरटीच्या पाण्यानं धुवायची, ओव्याची धुरी द्यायची, कापडं उकळून वाळत घालायची. लग्न न झालेली पोर ती. पण एकदाही नाक मुरडलं नाही.

हे सगळं करून ती अभ्यास करायची. कॉलेजात इंटरला होती आणि परीक्षा तोंडावर आलेली. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, पुस्तक मांडीवर, आणि ओठांत सारखं काहीतरी इंग्रजी पुटपुटणं. मला त्यातलं अक्षर कळायचं नाही.

माझी शाळा रझाकारांच्या धामधुमीत सुटली. आम्ही गाव सोडून सोलापूरकडे गेलो. परत आलो तेव्हा भाऊ शाळेत गेले, माझ्या शाळेचं नाव कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. मग लग्न झालं. सुशी कॉलेजला निघायची तेव्हा तिची वेणी मी घालून द्यायची. शेजारपाजारचे म्हणायचे, वहिनी असावी तर अशी. मलाही तसंच वाटायचं — तेव्हा.

एके दिवशी तपासायला बोलावलं होतं म्हणून सुशी मला टांग्यातून दवाखान्यात घेऊन गेली. ती बाळाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली, मी आत गेले. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि हसल्या. म्हणाल्या, "सब अच्छा भर गया. अब उठो, चलो-फिरो, घर का काम करो."

मला ते ठाऊकच होतं. आदल्या आठवड्यापासून आग नव्हती. जरा ओढल्यासारखं व्हायचं, तेवढंच. सुशी घरात नसताना मी उठून स्वतःचं पाणी तापवून घेत होते. ती आली की पुन्हा आडवी होत होते. का? लाड आवडत होते, असं म्हणा. तोवर तेवढंच होतं.

बाहेर आले. सुशी लगबगीनं उठली. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पुस्तक, बोट पानात घातलेलं. "काय म्हणाल्या, वहिनी?"

तिचा चेहरा असा उजळलेला होता — बरं झाल्याचंच ऐकायला आसुसलेला. आणि माझ्या तोंडून निघालं, "अजून कच्चे आहेत म्हणाल्या. उठायचं नाही."

तिनं पुस्तकातलं बोट काढलं आणि मला हाताला धरून टांग्यात चढवलं.

संध्याकाळी हे म्हणाले, "मग सुशीच्या परीक्षेचं कसं?" ती म्हणाली, "सप्टेंबरात देईन, दादा. वहिनीला असं कसं टाकून जाऊ?" शेजारची नरसम्मा भली बाई. ती मुद्दाम येऊन म्हणाली, "मैं हूँ ना अम्मा, बच्ची को जाने देव." आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, परक्या बाईच्या हातून मला नाही करून घेववणार, लाज वाटते. नरसम्मा परत गेली. लाजेपुढं कोण काय बोलणार?

परीक्षेच्या सकाळी तिच्या मैत्रिणी हाक मारायला आल्या. निरोप पोचला नसावा. सुशी ओल्या हातांनी दारात गेली. मी आत पडून ऐकत होते. "मी नाही येत गं, वहिनीला बरं नाही." मुली काहीतरी म्हणाल्या, त्यांच्या चपलांचे आवाज गल्लीच्या टोकाला गेले. सुशी आत आली, तुरटीचं पाणी घेऊन. तिचे डोळे लाल होते. मी कण्हले. हो — कण्हलेसुद्धा.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावत आले, की ह्यांच्या भीतीनं खोटं बोलले. ह्यांनी पुन्हा जवळ यावं याची धडकी भरायची, आणि टाके कच्चे आहेत म्हटलं की हे पलीकडच्या खोलीत निजायचे. भीती खरी होती. पण नवऱ्याची भीती रात्रीची. परीक्षा तर सकाळची होती.

तर मग कशासाठी? त्या मुली गेल्या आणि सुशी राहिली, तेव्हा माझ्या छातीतलं काहीतरी सैल झालं, म्हणून. तीही आता माझ्यासारखी झाली, म्हणून. मला बरं वाटलं. बस्स, हेच ते. इतकी वर्षं आवळून धरलेलं.

सप्टेंबर काही आला नाही. म्हणजे महिना आला, पण तोवर ह्यांचं नाव औरंगाबादच्या यादीत लागलं होतं आणि घरात बांधाबांध सुरू होती. तिकडं गेल्यावर नवं गाव, नवी कचेरी. हे म्हणाले, वर्ष तर गेलंच आहे, स्थळही चांगलं सांगून आलंय. सुशीनं माझ्याकडं पाहिलं. मी एक शब्द टाकला असता तर ह्यांनी ऐकलं असतं. मी म्हणाले, "मुलगा बरा दिसतो."

मुलगा खरंच बरा होता. सेलूला जिनिंग फॅक्टरीत हिशेब बघायचा. सुशीनं संसार नीट केला, मुलींना शिकवलं. तिला वाईट दिवस आले असते तर माझं पाप मोठं ठरलं असतं आणि नाही आले म्हणून लहान, असं थोडंच आहे? ती गेली त्याला आता बरेच दिवस झाले. मुलाची नोकरी हैदराबादला, म्हणून मी पुन्हा या शहरात, कुकटपल्लीला आले. नारायणगुड्याकडं मी जात नाही.

पण एवढ्यानं संपत नाही. याहून वाईट ते अजून सांगायचंय.

सुशीचं पहिलं बाळंतपण औरंगाबादला आमच्याकडंच झालं. तिलाही कापावं लागलं, तिलाही टाके पडले. मी तिचं सगळं केलं — पाणी ओतलं, धुरी दिली. तुम्हाला वाटेल, फेड करत होते. मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. एका दुपारी मी पाणी ओतत होते आणि तिनं एकदम माझा हात घट्ट धरला. ओठ दाबून कळ जाऊ दिली. मग म्हणाली,

"वहिनी, मला माफ करा."

"कशाबद्दल गं?"

"तेव्हा मला मनातून वाटायचं, तुम्ही ढोंग करता. परीक्षेच्या दिवशी तर मी तुम्हाला नाही नाही ते बोलले, मनातल्या मनात. आता कळतंय, काय सोसत होता तुम्ही."

ती रडत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाळ झोपलेलं. सांगायला याहून चांगली वेळ माझ्या सबंध आयुष्यात आली नाही.

मी पदरानं तिचे डोळे पुसले आणि म्हणाले, "असू दे. लहान होतीस तू तेव्हा. मी मनात ठेवलं नाही."

तिला हायसं वाटलेलं मला स्पष्ट दिसलं.